सातपुड्याच्या वाटेने गेलेले मासे

रामटेकच्या उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. या डोंगररांगांतून पेंच नदी खाली उतरते आणि कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला जाऊन मिळते आणि वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत पोहोचते. तालुक्यात सूर नदी अडवून ब्रिटिश काळात बांधलेला खिंडसी तलाव आहे, जुने मालगुजारी तलाव आहेत आणि पावसाळ्यात खळाळणारे नालेही आहेत. अशा पाण्याच्या काठी गळ टाकून बसण्याची हौस विदर्भात जुनी आहे. गळाला कोणता मासा लागेल हे नशिबावर असते, असे बसणारा म्हणतो. पण कोणत्या पाण्यात कोणता मासा राहील, हे नशिबावर नसते. नदीचा वेग, पाण्याचे तापमान, त्यात विरघळलेला प्राणवायू आणि शेजारी राहणारे इतर मासे यांवर ते ठरते. भारतातील माशांच्या बाबतीत ही गोष्ट ज्यांनी आयुष्यभर तपासली, त्या शास्त्रज्ञाचे नाव सुंदरलाल होरा. सातपुड्याचे नाव जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या तोंडी आले ते त्यांच्यामुळे.

होरा यांचा जन्म मे १८९६ मध्ये पंजाबातील हाफिजाबादचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे. शालेय शिक्षण जालंधरला आणि महाविद्यालयीन शिक्षण लाहोरला झाले. १९१९ मध्ये नेल्सन अ‍ॅनानडेल लाहोरला आले होते. भारतीय प्राणिसर्वेक्षण ही संस्था तेव्हा अवघी तीन वर्षांची होती आणि अ‍ॅनानडेल तिचे पहिले संचालक होते. त्यांनी या तरुणातील गुण हेरले आणि त्याला कलकत्त्याला बोलावून घेतले. दोनच वर्षांत, १९२१ मध्ये, मासे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाची जबाबदारी होरा यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते.

बाटल्यांत जतन केलेले मासे मोजून त्यांची यादी करणे, हे त्या काळी मत्स्यशास्त्रज्ञाचे मुख्य काम समजले जाई. खवले किती, काटे किती, मिशा किती, यावरून जात ठरवायची. होरा यांनी हे काम केलेच, पण त्यांचे मन तेवढ्यात रमले नाही. मणिपूरच्या दौऱ्यात त्यांनी लोकटाक सरोवर आणि आसपासचे डोंगरी ओढे पाहिले. सरोवरातले मासे आणि काही कोसांवरच्या ओढ्यातले मासे यांच्या शरीराची ठेवणच निराळी होती. हा फरक का पडतो, या प्रश्नाने त्यांना पुढची अनेक वर्षे गुंतवून ठेवले.

धबधब्याला चिकटून राहणारे

डोंगरातला ओढा हे राहायला अवघड घर आहे. पाणी इतक्या जोराने वाहते की साधा मासा क्षणात वाहून जाईल. तरीही तिथे मासे राहतात. काहींचे पोट चपटे असते, काहींचे पंख बाजूला पसरून दगडावर पकड घेतात. काहींच्या ओठांशी किंवा छातीवर चिकटण्यासाठी खास रचना असते. होरा यांनी असे मासे, बेडूकमासे आणि पाण्यातले कीटक यांचा एकत्र अभ्यास केला. पकड घेणारे अवयव वेगवेगळ्या प्राण्यांत स्वतंत्रपणे कसे घडत गेले, हे त्यांनी दाखवले. १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा यावरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. एडिनबरा विद्यापीठाची डॉक्टरेटही त्यांना याच काळात मिळाली.

या अभ्यासातून निघालेला धडा सोपा होता. मासा त्याच्या पाण्याच्या मापाचा घडलेला असतो. वेगवान, थंड पाण्यात घडलेले शरीर संथ, कोमट पाण्यात कामाचे राहत नाही. त्याचे कारण केवळ वेगात नाही, हवेतही आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. पाणी ३० अंशांवर गेले की हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी तापले की त्याच्या शरीराची क्रिया वाढते आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. खळाळता ओढा हवेतला प्राणवायू सतत पाण्यात मिसळत राहतो. तो आटून डबकी उरली की हा आधारही जातो.

नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे काही नवे नाही. इथल्या माशांनी अनेक उन्हाळे सोसले आहेत, खोल डोहात आसरा घेऊन. पण १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, असे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो. मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले, असेही त्यात नोंदले आहे. एकदम कोसळणारा पाऊस टेकड्यांची माती धुऊन आणतो. ती माती डोह भरते आणि अंडी घालायच्या वाळू-गोट्यांवर गाळाचा थर बसतो. मग लांबलेल्या उन्हाळ्यात आसऱ्याला डोह उरत नाही. होरा यांच्या हयातीत ही आकडेवारी नव्हती. पण तिचा माशावर काय परिणाम होईल, हे समजण्याची किल्ली त्यांच्याच कामात आहे.

राजाचा गळ

होरा यांना जुन्या ग्रंथांचाही नाद होता. सुश्रुतसंहितेत कोणत्या माशाचा कोणता भाग पचायला जड, हे सांगताना तो मासा कुठे राहतो आणि कसा पोहतो याचा आधार घेतला आहे. नदीतला मासा तोंड आणि शेपटीच्या जोरावर फिरतो म्हणून त्याचा मधला भाग जड, तळ्यातल्या माशाचे डोके हलके, अशी ती मांडणी आहे. वैद्यकाच्या या श्लोकांत शरीराची ठेवण आणि पोहण्याची रीत यांचा संबंध प्राचीन लोकांनी ओळखला होता, हे होरा यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले.

पुढे त्यांचे लक्ष मानसोल्लास या ग्रंथाकडे गेले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. जुन्या मराठीचे नमुने त्यात सापडतात, म्हणून मराठी अभ्यासकांना तो ग्रंथ परिचयाचा आहे. राजाच्या करमणुकींची वर्णने करताना सोमेश्वराने मत्स्यविनोद नावाचे एक प्रकरण दिले आहे. समुद्रातले आणि नदीतले मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे, त्यांच्या राहण्याच्या जागा, त्यांचे खाणे, त्यांना द्यायचे आमिष, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा, हे सारे त्यात आहे. होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर निबंध लिहिला. हौसेने मासे धरणे हा इंग्रजांनी आणलेला खेळ आहे, अशी जी समजूत होती, तिला या निबंधाने छेद दिला. दख्खनच्या एका राजाने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी हा खेळ शास्त्रासारखा मांडला होता. कोणत्या माशाला कोणते आमिष, हे ठरवायला राजाला मासा आधी ओळखावा लागत होता.

हौशी मासेमारांबद्दल होरा यांना वाटणारी आस्था याआधीच दिसली होती. १९३७ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी भारतातील खेळाच्या माशांवर लेखमाला लिहिली. गळाला लागल्यावर झुंज देणाऱ्या माशांना खेळाचे मासे म्हणतात. एकेका माशाची ओळख, राहण्याची जागा, वाढ, सवयी, असे तिचे स्वरूप होते. सर्वाधिक मेहनत त्यांनी महसीरवर घेतली. मोठ्या खवल्यांचा हा मासा गळाला लागल्यावर नदीच्या धारेत दोरी खेचत धावतो. कर्नाटकातील कबिनी नदीत १९४६ मध्ये १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाने धरला गेला. तो विक्रम आजही सांगितला जातो. महसीरच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, प्रदेशाप्रमाणे रंग बदलतात आणि जुन्या शास्त्रज्ञांनी त्यांना दिलेल्या नावांत मोठा गोंधळ होता. होरा यांनी तो सोडवण्यात वर्षे घालवली. काही गाठी सुटल्या, काही आजही सुटलेल्या नाहीत.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध एवढाच नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या माशांवर त्यांनी के. एस. मिश्रा यांच्यासह लेख लिहिले. तिथल्या पाण्यातून त्यांनी १९३८ मध्ये एक छोटा मासा शास्त्राला नवा म्हणून नोंदवला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांचे नाव त्याला दिले. पॅराप्सिलोरिंकस प्रेटरी हा मासा आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. १९४० मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबई परिसरातल्या मचूळ पाण्यातील बोटाच्या पेराएवढ्या एका माशाला होराइक्थिस हे नाव देऊन होरा यांचा गौरव केला. हेच कुलकर्णी पुढे या कथेत पुन्हा येतात.

उपकाराला आलेले पाहुणे

मलेरिया हा त्या काळी देशापुढचा मोठा प्रश्न होता. डासांच्या अळ्या खाणारे मासे पाण्यात सोडावेत, हा उपाय लोकप्रिय झाला. त्यासाठी अमेरिकेतला मूळचा गॅम्ब्युसिया १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणला गेला. होरा यांनी १९३८ मध्ये एका सहकाऱ्यासह अळ्या खाणारे भारतीय मासे ओळखण्यासाठी तक्ता तयार केला. तो सरकारच्या आरोग्यविषयक पुस्तिकांत प्रसिद्ध झाला. इथल्या डबक्यांत आणि विहिरींत हे काम करणारे देशी मासे आहेत, ते आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांना ओळखता यावेत, हा त्याचा उपयोग. गॅम्ब्युसिया मात्र देशभर पसरला. तो अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी, पिल्ले आणि बेडूकमासेही खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या माशांत आज त्याची गणना होते.

नवा मासा आणून सोडणे म्हणजे पाण्याची सुधारणा, असे मानण्याचा तो काळ होता. इंग्रजांनी हौसेखातर काश्मीर आणि निलगिरीत ट्राउट आणला. १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत कॉमन कार्प आला, जो पुढे सायप्रिनस या नावाने महाराष्ट्राच्या बाजारात रुळला. १९५२ मध्ये आफ्रिकेतला मूळचा तिलापिया भारतात आला. १९५९ मध्ये चंदेरा आणि गवत्या कार्प आले. प्रत्येक वेळी हेतू चांगला होता. लोकांना स्वस्त प्रथिने मिळावीत, तण कमी व्हावे, शौकिनांना खेळ मिळावा.

त्या हेतूची निकड होरा यांनी जवळून पाहिली होती. १९४० च्या दशकात काही वर्षे त्यांच्याकडे बंगालच्या मत्स्यखात्याची धुरा होती. त्याच काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे उपासमारीने व रोगांनी मेली. माशाचा अभ्यास हा पोटाचाही प्रश्न आहे, हे त्यांना निराळे सांगावे लागले नसेल. त्याच वर्षी दुसरा आघात झाला. युद्धामुळे प्राणिसर्वेक्षणाचा संग्रह कलकत्त्याहून बनारसला हलवला होता. वरुणा नदीला पूर आला आणि अनेक वर्षे जमवलेल्या नमुन्यांची हानी झाली. १९४७ मध्ये होरा प्राणिसर्वेक्षणाचे संचालक झाले.

सातपुड्याचा पूल

या सर्व काळात एक कोडे त्यांच्या डोक्यात घोळत होते. पूर्व हिमालय आणि आसामच्या ओढ्यांत जे मासे आहेत, त्यांचे अगदी जवळचे नातलग दोन हजार किलोमीटर दूर सह्याद्रीच्या दक्षिण भागात सापडतात. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात ते नाहीत किंवा फार तुरळक आहेत. धबधब्याच्या दगडाला चिकटून राहणारा मासा मैदानातली गरम, गढूळ नदी पोहून जाऊ शकत नाही. मग तो सह्याद्रीत पोहोचला कसा?

होरा यांनी १९४४ पासून पुढच्या काही वर्षांत याचे उत्तर मांडले. हिमयुगांच्या काळात हवा आजच्याहून थंड आणि भारतातील डोंगराळ पट्टा अधिक ओला होता. आसामच्या डोंगरांपासून राजमहाल टेकड्या, विंध्य-सातपुडा आणि तिथून सह्याद्री अशी डोंगरांची साखळी तेव्हा जुळलेली असावी. या साखळीत एका नदीचे उगमाकडचे पाणी शेजारच्या नदीने आपल्याकडे ओढून घेतले की त्या पाण्यासोबत मासेही नव्या नदीत गेले. असे एका खोऱ्यातून दुसऱ्यात सरकत, पिढ्यान्‌पिढ्या, ते दक्षिणेला पोहोचले. नंतर हवा तापली, ओढे आटले आणि मधल्या मुक्कामावरचे मासे संपले. दोन टोकांना तेवढे उरले. ही मांडणी सातपुडा सिद्धान्त म्हणून ओळखली जाते. १९४९ मध्ये तिच्यावर खास परिसंवाद झाला. सलीम अली यांनी पक्ष्यांच्या वाटेचा विचार करून तिला दुजोरा दिला.

रामटेकच्या उत्तरेच्या टेकड्या याच वाटेवर येतात. सिद्धान्त खरा असेल तर कधीकाळी इथल्या ओढ्यांतून माशांची ती संथ यात्रा गेली असेल. मात्र पुढच्या संशोधनाने सिद्धान्तावर गंभीर आक्षेप घेतले. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड जेमतेम साडेतेराशे मीटर उंच आहे. इतक्या बुटक्या रांगेत थंड ओढ्यांची सलग साखळी टिकेल का, अशी शंका घेतली गेली. सारखे दिसणारे काही मासे नातलग नसून सारख्या पाण्यात राहिल्याने सारखे झाले असावेत, हे तर होरा यांच्याच जुन्या अभ्यासाला धरून होते. जनुकीय अभ्यासांनी काही प्राण्यांच्या बाबतीत फाटाफूट हिमयुगाच्या फार आधीची असल्याचे सुचवले. आज हा सिद्धान्त जसाच्या तसा फारसे कोणी मानत नाही.

तरीही त्यातला एक विचार टिकून आहे. हवामान बदलले की मासे सरकतात आणि सरकायला जुळलेली वाट नसेल तर संपतात. होरा ज्या बदलाबद्दल बोलत होते तो हजारो वर्षांत झाला होता. आजचा बदल काही दशकांतला आहे. आणि वाटेवर भिंती आहेत. पेंचवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणे आहेत. महसीरसारखे मासे पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून गोट्यांच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. खालच्या अंगाचे पाणी तापले तर वरच्या थंड पाण्याकडे सरकणे हा माशाचा एकमेव उपाय. धरणाची भिंत तोच बंद करते. तोतलाडोहचे पाणी पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत असल्याने तिथे वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण कायदा माणसाला अडवू शकतो, तापलेल्या पाण्याला नाही.

परका मासा आणि कोमट पाणी

८ डिसेंबर १९५५ रोजी होरा यांचे निधन झाले. वय एकोणसाठ. शेकडो शोधनिबंध मागे राहिले. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत हवामानाचा बदल आणि परके मासे हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतत गेले.

थाई मागूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकी मागूर याचे ठळक उदाहरण. हवेतून श्वास घेण्याची त्याला सोय आहे. प्राणवायू संपलेल्या घाण पाण्यातही तो जगतो, मिळेल ते खातो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरून पाळलेले साठे पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून येतच राहतात. तिलापियाची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. त्याला थंडी सोसत नाही, पण कोमट, संथ पाणी त्याला मानवते. घरच्या काचेच्या टाकीतून सुटलेला दक्षिण अमेरिकेचा सकर मासा उजनीच्या जलाशयातल्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याच्या हाडासारख्या कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नाही.

म्हणजे नदी तापते, संथ होते आणि गाळाने भरते, तेव्हा प्रवाहातल्या देशी माशाचे घर मोडते. तेच घर या पाहुण्यांसाठी सजवले जाते. गळ टाकणाऱ्याला हा फरक लवकर जाणवतो. पूर्वी दिवसभरात एखादाच, पण दोरी ताणून धरणारा मासा लागायचा. आता तासाभरात हाताएवढे डझनभर तिलापिया लागतात. मुंबईच्या पवई तलावावर गळ टाकणाऱ्यांना तर आधी जलपर्णीतून पाणी शोधावे लागते. जलपर्णीही परकीच. तिने पृष्ठभाग झाकला की खालच्या पाण्यात उजेड जात नाही आणि प्राणवायू घटतो. खेड्यात याची झळ ताटालाही बसते. विदर्भातल्या तलावांवर जगणाऱ्या ढिवर समाजासाठी आणि गरीब घरांसाठी काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे देशी मासे कॅल्शियमचा आणि जीवनसत्त्वांचा स्वस्त आधार आहेत. परके मासे वाढले की आधी हेच छोटे मासे जातात.

परका म्हणजे परदेशीच असतो असे नाही, याचा दाखला महाराष्ट्रानेच दिला आहे. १९७० च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला टाटांच्या वीजकंपनीच्या केंद्रात दख्खनच्या महसीरची, टोर खुद्रीची, कृत्रिम पैदास यशस्वी केली. लोप पावू लागलेल्या माशाला त्यातून मोठे जीवदान मिळाले. या जातीची स्थिती आता चिंतेची राहिलेली नाही. पण तिथली पिल्ले इतर राज्यांतही दिली गेली आणि कर्नाटकात कावेरीत पोहोचली. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला महसीर राहतो. जगात तो फक्त त्याच खोऱ्यात आहे. तिथल्या हौशी मासेमारांनी १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या आणि परत सोडलेल्या प्रत्येक माशाची वही ठेवली होती. शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा पाहुण्या महसीरची संख्या वाढत गेल्याचे आणि कावेरीच्या स्वतःच्या महसीरची पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झाल्याचे आढळले. २०१८ मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. महसीरच्या जाती नीट ओळखण्यासाठी होरा यांनी एवढी खटपट का केली, ते इथे कळते. दोन महसीर एकच समजले तर एकाला वाचवताना दुसरा हातचा जातो.

कावेरीच्या या प्रकरणात सरकारी यंत्रणेकडे नसलेला पुरावा हौशी मासेमारांच्या वह्यांत मिळाला. रामटेकच्या परिसरातही मासेमारीला परवानगी असलेल्या पाण्यावर हे करता येण्यासारखे आहे. तारीख, जागा, पाण्याचे तापमान, मासा कोणता आणि केवढा, एवढी नोंद पुरते. साधा थर्मामीटर आणि मोबाइलवरचा फोटो एवढ्यावर काम भागते. सोडायचा मासा ओल्या हाताने धरावा, पाण्याबाहेर कमीत कमी ठेवावा आणि एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी गळ टाकूच नये, कारण दमलेल्या माशाला तेव्हा दम घ्यायला पुरेसा प्राणवायू नसतो. थाई मागूर किंवा सकर लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडू नये. घरच्या टाकीतला कंटाळवाणा झालेला मासा तलावात सोडणे ही दया नव्हे. उरलेले जिवंत आमिषही दुसऱ्या पाण्यात ओतू नये.

होरा यांनी आयुष्यभर प्रत्येक माशाला एकच प्रश्न विचारला, की तू या पाण्यात कसा आलास आणि कसा टिकलास. सातपुड्याच्या वाटेबद्दल त्यांना मिळालेले उत्तर पुढे डळमळले. पण उत्तर तपासता आले, कारण त्यांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी कोणता मासा कुठे होता, हे लिहून ठेवले होते. पेंच, सूर आणि कन्हानच्या पाण्यात आज कोणते मासे आहेत याची नोंद आताच झाली नाही, तर पन्नास वर्षांनी इथून काय गेले, हे सांगायलाही कोणाकडे आधार उरणार नाही.